माथेरानला फॅमिली घेऊन जाताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आणि मग परत एप्रिल संपत आला की मला तेच तेच मेसेज सुरू होतात, कारण आम्ही जवळपास दरवर्षी माथेरानला जातो, कधी सासूबाईंना घेऊन, कधी नणंदेची पोरं घेऊन, आणि ओळखीतल्या सगळ्यांना हे माहितीये. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान दस्तुरीचा, म्हणजे गाड्या जिथे थांबतात त्या नाक्याचा, प्रश्न तरी वाचा, निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

माथेरान नक्की कुठे येतं, आणि महाबळेश्वर सोडून तिथे का जायचं?

रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, नेरळच्या अगदी डोक्यावर. उंची साधारण 800 मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरीच कमी, त्यामुळे कडाक्याची थंडी वगैरे मिळेल असं समजू नका. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, आणि रान खरंच आहे, भर दुपारी बारा वाजता पण रस्त्यावर सावली असते. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आला आणि त्यानंतर साहेबलोकांचे बंगले उभे राहिले, पॉइंट्सची लुईसा, शार्लट, अलेक्झांडर अशी नावं तेव्हाचीच.

पण खरं कारण वेगळंय. गावात गाड्या नाहीत. रिक्षा, बाइक, कार काहीच नाही, ॲम्ब्युलन्ससारखी अत्यावश्यक वाहनं आणि हल्ली आलेल्या मोजक्या ई-रिक्षा सोडल्या तर. 2003 मध्ये केंद्र सरकारने हा भाग इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला. चार वर्षांचं पोरगं रस्त्याच्या मधून पळतंय आणि आपण मागून आरामात चालतोय, हे सुख मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आईबापाला विचारा.

मुंबईहून जायचं कसं? आणि पुण्याहून?

मुंबईहून सीएसएमटी, दादर, ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची आणि नेरळला उतरायचं. बदलापूर लोकल पकडू नका, ती नेरळच्या आधीच संपते, आणि दरवेळी कोणीतरी एक जण हे करतोच. पुण्याहून ट्रेनने कर्जतला यायचं आणि तिथून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यायची, भिवपुरी रोड सोडलं की नेरळ.

नेरळ स्टेशनच्या बाहेर शेअर टॅक्स्या उभ्या असतात, सीटा भरल्या की निघतात, सात-आठ किलोमीटरचा घाट चढून दस्तुरीला सोडतात. मिनी ट्रेनचा पर्याय पण आहे, त्याचं खाली वेगळं लिहिलंय.

स्वतःची गाडी वरपर्यंत जाते का?

दस्तुरी नाक्यापर्यंत जाते, तिथे पैसे भरून पार्किंग आहे, रात्रभर गाडी ठेवता येते. पुढे नाही, कितीही ओळख असली तरी नाही.

घाट छोटा आहे पण चढ बेकार आहे, वळणं एकदम आवळून घेतलेली. रोज फक्त सपाट रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने हिरोगिरी करायला जाऊ नये, गाडी नेरळला लावून टॅक्सीने या, ते लोक दिवसातून कितीतरी वेळा तोच घाट चढतात. चालवणारच असाल तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं आणि उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरायचं, सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि वास यायला लागतो. लाँग वीकेंडला दस्तुरीचं पार्किंग भरतं आणि मग गाड्यांची रांग घाटातच लागते, त्यामुळे शनिवारी अकरा वाजता पोचायचा प्लॅन असेल तर तो बदला, आठपर्यंत वर असा.

दस्तुरीला उतरल्यावर पुढे काय? तिथे सगळे अंगावरच येतात.

हो येतात. घोडेवाले, हमाल, हॉटेलचे एजंट, सगळे एकदम. थांबायचं, कोणालाही लगेच हो म्हणायचं नाही, आधी प्रवेश कराची पावती फाडायची, मग विचार.

इथून बाजार साधारण तीन किलोमीटर आहे आणि तुमच्यासमोर चार पर्याय असतात. एक, दस्तुरीपासून चालत काही मिनिटांवर अमन लॉज स्टेशन आहे, तिथून शटल ट्रेन माथेरान स्टेशनला म्हणजे थेट बाजारात सोडते, वीसेक मिनिटं लागतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर माझ्या मते हाच पहिला पर्याय. दोन, ई-रिक्षा, पण त्या मोजक्याच आहेत, रांग लागते. तीन, घोडा. चार, चालत, रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, पेव्हर ब्लॉक टाकलेत, सामान हमालाकडे दिलं तर पाऊण तासात पोचता.

आता फसवणुकीचं. "ट्रेन बंद आहे", "हॉटेल सहा किलोमीटर लांब आहे", "चालत जायला रस्ताच नाही" असं काही लोक नव्या पर्यटकाला सांगून घोड्यावर बसवतात. हे इतकं वाढलं की मार्च 2025 मध्ये माथेरानच्या लोकांनीच त्याविरुद्ध बंद पुकारला होता. त्यामुळे ट्रेन चालू आहे की नाही हे कोणाला विचारू नका, अमन लॉजच्या खिडकीपर्यंत जाऊन स्वतः बघा.

हातरिक्षा मिळते का? आईला गुडघ्याचा त्रास आहे.

हातरिक्षेचा विचार सोडा. माणसाने माणसाला ओढायची ही पद्धत सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये सहा महिन्यांत बंद करायला सांगितली आणि त्याऐवजी ई-रिक्षा आणायला सांगितल्या, ओढणाऱ्यांना त्या मिळाव्यात म्हणून योजना करायलाही सांगितलं. मला विचाराल तर फार आधी व्हायला हवं होतं. चढावर दोघं मागून ढकलतायत, एक पुढून ओढतोय, आणि आत बसलेल्या माझ्या सासूबाई सारख्या "अरे थांबा रे, मी उतरते" म्हणतायत, हे एकदा बघितल्यावर आम्ही परत कधी बसलो नाही.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी शटल ट्रेन अधिक बाजाराला लागून असलेलं हॉटेल हे कॉम्बिनेशन बेस्ट. पॉइंट्सचं म्हणाल तर बाजाराजवळचे एक-दोनच करा, पुढे प्लॅनमध्ये सांगितलेत.

मिनी ट्रेन नेरळपासून घ्यावी की फक्त शटल पुरे?

पोरं ट्रेनवेडी असतील तर एकदा तरी नेरळपासून जा. आदमजी पीरभॉय यांनी पैसे घातले आणि त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेनने, 1901 ते 1907 मध्ये ही लाइन बांधून घेतली, तेव्हाचे 16 लाख रुपये लागले. दोन फुटी गेज, म्हणजे रूळ इतके जवळजवळ की मुलं स्टेशनवर आधी तेच मोजून बघतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि मग माथेरान. अख्ख्या रस्त्यात एकच बोगदा आहे आणि त्याचं नाव वन किस टनेल, कारण तेवढाच वेळ मिळतो म्हणे, आमच्या पोराने हे नाव मोठ्याने वाचून अख्ख्या डब्याला ऐकवलं होतं.

पण प्रॅक्टिकल बोलायचं तर वीसेक किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात. पहिला तास मजा, दुसऱ्या तासाला "आई अजून किती", आणि तिसऱ्यात खाऊचा डबा रिकामा. डबे छोटे, सीटा अरुंद, बाथरूम नाही, चढायच्या आधी मुलांना नेरळ स्टेशनवर जाऊन आणा, हे विसरू नका. नेरळहून दिवसातून मोजक्याच गाड्या आणि त्या सकाळी, त्यामुळे वीकेंडला तिकिटाची मारामार असते. माझा फॉर्म्युला असा आहे की जाताना टॅक्सी आणि शटल, येताना शक्य असेल तर पूर्ण ट्रेन, उतरताना सगळे दमलेले असतात आणि पोरं झोपून जातात.

पावसाळ्यात ट्रेन चालू असते का?

नेरळ ते अमन लॉज बंद असते, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होणं दरडी, रुळांची कामं यावर लांबू पण शकतं. अमन लॉज ते माथेरान शटल मात्र पावसात चालते. दिवाळी लवकर आली तर नेरळची गाडी मिळेलच असं धरून चालू नका. रेल्वे उगाच बंद ठेवत नाही हो, 2005 च्या जुलैमधल्या पावसाने ही लाइन अशी वाहून नेली होती की परत गाडी धावायला 2007 उजाडलं.

मग पावसाळ्यात जावं की नाही?

तुम्ही कोण आहात त्यावर आहे. कॉलेजचा ग्रुप असाल तर जा, धुकं, धबधबे, भिजलेलं रान, सगळं भारी असतं. पण दोन वर्षांचं बाळ आणि सत्तरीचे वडील बरोबर असतील तर नका जाऊ. पॉइंटवर गेलात तरी समोर पांढरं सोडून काही दिसत नाही, जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, कपडे वाळत नाहीत, काही हॉटेल्स बंद असतात. ऑक्टोबर शेवट ते फेब्रुवारी सगळ्यात मस्त, हवा स्वच्छ, लांबचं दिसतं, रात्री स्वेटर लागतो. मे मध्ये दुपारी ऊन असतं पण झाडीत फार जाणवत नाही, आणि करवंदं-जांभळं घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात, त्यासाठी मी मे पण सोडत नाही.

हॉटेल बघताना काय बघायचं?

अंतर. पहिलं अंतर, दुसरं अंतर, मग स्विमिंग पूल.

एकदा आम्हाला फोनवर "स्टेशनपासून पाच मिनिटं" सांगितलेलं हॉटेल निघालं पंचवीस मिनिटांवर, शेवटचा चढ लाल मातीचा, धाकटी कडेवर झोपलेली, नवऱ्याच्या दोन्ही हातात बॅगा, आणि सासूबाई दर वळणावर झाडाखाली बसतायत. पोचल्यावर मॅनेजर हसून म्हणाला की मॅडम घोड्याने पाच मिनिटं. तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी मॅपवर माथेरान स्टेशन ते हॉटेल चालत किती हे स्वतः बघते.

बाकी इथे बऱ्याच ठिकाणी जेवणासकट पॅकेज असतं, नाश्ता-दोन जेवणं-चहा, गुजराती आणि जैन जेवण सहज मिळतं. पोरांच्या दृष्टीने हे सोयीचं पडतं कारण रात्री परत बाजारात चालत जायला कोणाच्या पायात जोर नसतो. चेकआउट टाइम आधीच विचारून घ्या, तो बऱ्याचदा सकाळी लवकर असतो, आणि सामान नंतर ठेवून घेतात का ते पण.

लहान मुलांसाठी करण्यासारखं काय आहे?

वॉटर पार्क वगैरे असलं काही शोधत असाल तर लोणावळ्याला जा, राग मानू नका. इथे आहे ते साधं आहे. पेमास्टर पार्क आणि माधवजी उद्यान, दोन्हीकडे मुलं बागडतात, दोन्ही बाजाराजवळ. बाजारात फुगे फोडायची बंदूक, रिंगा टाकणे, व्हिडिओ गेम, आपल्या लहानपणीच्या जत्रेत होतं तेच, आणि आजची मोबाइलवाली पोरं पण त्या फुग्यांच्या बंदुकीपुढून हलत नाहीत हे मी शपथेवर सांगते.

इको पॉइंटवर ओरडणे हा कार्यक्रम फुकट आणि कधीच न संपणारा. आणि झाडांवर बघत चला, शेकरू दिसतं, मोठी झुपकेदार शेपटी, या फांदीवरून त्या फांदीवर उडी. आपला राज्य प्राणी आहे, पुस्तकात बघितलेला खरा दिसला की मुलं एकदम गप्प होतात.

दोन दिवसांचा प्लॅन सांगा ना, 38 पॉइंट्स आहेत म्हणे, सगळे होतील का?

नाही होणार आणि करू पण नका. घोडेवाला "सात पॉइंट, बारा पॉइंट" असं पॅकेज सांगतो, पण तिसऱ्या दरीनंतर मुलांना सगळ्या दऱ्या सारख्याच दिसतात.

पहिल्या दिवशी पोचून जेवून थोडं झोपा. संध्याकाळी माधवजी उद्यान, खंडाळा पॉइंट, बाजार, बास. गुडघेवाल्यांना पण हे जमतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून शार्लट लेक, तिथे पिसारनाथाचं देऊळ, माथेरानचं ग्रामदैवत आहे हे, मग इको पॉइंट आणि तिथून लुईसा पॉइंट. लुईसावरून समोर प्रबळगड असा उभा दिसतो की हात लांब केला तर लागेल. दुपारी हॉटेलवर परत. संध्याकाळी ज्यांच्यात दम उरलाय त्यांनी पॉर्क्युपाइन म्हणजे सनसेट पॉइंट करावा, येताना अंधार होतो, रस्त्यावर दिवे सगळीकडे नाहीत, टॉर्च न्या.

सूर्योदयासाठी पॅनोरमा पॉइंट सगळ्यात भारी पण तो एकदम उत्तर टोकाला आहे, पहाटे उठून चालायची तयारी असेल तरच. वन ट्री हिल आणि चौक गावाकडची बाजू मोठ्या मुलांसाठी ठेवा. आणि शार्लट लेकमध्ये पोहणं, पाय धुणं नाही, ते गावाच्या पिण्याच्या पाण्याचं तळं आहे.

घोड्यावर लहान मुलांना बसवावं का?

बसवा, पण घोडा फक्त चालतच नेणार असतील, आणि घोडेवाल्याच्या हातात लगाम असेल तर. पळवू नका म्हणून आधीच बजावायचं, कारण रिकाम्या रस्त्यावर त्यांना पळवायची फार हौस असते आणि इथे घोड्यावरून पडून माणसं दगावल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. हेल्मेट मागा. स्वारी कुठून कुठे, किती वेळ, किती पैसे, हे बसायच्या आधी बोलून घ्या, दरपत्रक लावलेलं असतं ते बघा. पाच वर्षांखालच्या मुलाला मी तरी एकट्याला बसवत नाही.

माकडं खरंच एवढी त्रास देतात?

देतात, आणि चूक आपलीच असते. मागच्या वेळी स्टेशनच्या कट्ट्यावर आमच्या पोराने कुरकुरेचं पाकीट फोडलं, त्याचा तो चर्रर आवाज आला आणि तीन सेकंदात छपरावरून एक लालतोंड्या खाली, पाकीट पोराच्या हातातून काढून घेतलं, परत छपरावर जाऊन व्यवस्थित पाय पसरून बसला आणि एकेक कुरकुरे खाल्ला आमच्याकडे बघत. पोरगं रडायचं सोडून बघतच राहिलं.

हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की त्यात खाणं आहे असंच ते समजतात, तसंही माथेरानात प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे, त्यामुळे सगळं चेनवाल्या सॅकमध्ये. रूमच्या खिडक्या लावून बाहेर पडा. डोळ्यात डोळे घालून बघू नका, दात दाखवून हसू नका, आणि प्लीज बिस्किटं घालू नका, पुढच्या माणसाला त्रास होतो.

बाळाची बाबागाडी न्यावी का? आजारी पडलं तर?

बाबागाडी घरी ठेवा. दस्तुरी ते बाजार कशीबशी ढकलाल पण पॉइंटच्या रस्त्यावर माती, मुळं आणि दगड आहेत. पुढे बांधायचं कॅरिअर न्या. गावात नगरपरिषदेचं हॉस्पिटल आहे आणि ॲम्ब्युलन्स पण, पण रात्री दोन वाजता मेडिकल उघडं मिळेल या भरवशावर जाऊ नका. तापाचं, उलटीचं, रोजच्या गोळ्या, इन्हेलर, सगळं बरोबर. कॅश पण पुरेशी ठेवा, रेंज गेली की यूपीआय जातं आणि घोडेवाला समोर उभा असतो.

एका दिवसात जाऊन येता येईल का?

मुंबईहून येईल, पहाटेची कर्जत लोकल, टॅक्सी, शटल, शार्लट लेक-इको-लुईसा आणि संध्याकाळी परत. सहा वर्षांवरच्या मुलांना झेपतं. म्हातारी माणसं आणि अगदी लहान असतील तर नको. नेरळची पूर्ण मिनी ट्रेन एका दिवसात जायला-यायला दोन्हीकडून बसवायला गेलात तर वर राहायला वेळच उरत नाही. अंधार पडायच्या आत दस्तुरीला परत या, उशिरा टॅक्सी भरायला माणसं मिळत नाहीत आणि मग अख्खी गाडी करावी लागते.

सामान कोण उचलतं? आणि किती न्यावं?

दस्तुरीला हमाल मिळतात, बायका पण असतात, पायथ्याच्या वाड्यांमधून रोज चढून येतात. डोक्यावर चुंबळ, त्यावर आपली चाकांची बॅग, तिच्यावर अजून एक, आणि आपण मोकळ्या हाताने धापा टाकत मागे. घासाघीस करायच्या आधी ती बॅग एकदा स्वतः उचलून बघा. बॅगा कमी आणि मऊ न्या, चाकांचा इथे काही उपयोग नाही.

काय घालावं आणि येताना काय आणावं?

बूट, जुने. पांढरे मोजे, पांढरा शर्ट, मुलांचे नवे कपडे यातलं काही नको, लाल माती अशी बसते की दोन वॉशनंतर पण मोज्यांवर गुलाबी पट्टा राहतो, आमच्या घरी असे चार जोड आहेत आणि आम्ही त्यांना माथेरानचे मोजेच म्हणतो. आणायला चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला. चप्पल घेताना दोन्ही पाय घालून दुकानात चार पावलं चालून बघा, परत बदलायला तेवढा घाट कोण चढणार.